‘मेरे गली में’ पिक्चरमुळे चाललं म्हणणाऱ्यांसाठी

कुर्ला_पश्चिम

काल गाण्यांच्या धाग्यावर ‘स्पष्टवक्ता’ यांनी लिहिलं की, “‘मेरे गली में’ हे रणवीर सिंगच्या पिक्चरमुळे चाललेलं गाणं. त्याआधी कुत्रं विचारत नव्हतं. धारावीची चार पोरं अमेरिकेची नक्कल करतात, त्याला संस्कृती म्हणू नका.” दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

धारावी पिक्चरवाल्यांनी आणली. गाणं केलं दोन रॅपरनी: नेझी आमच्या कुर्ल्याचा, डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा. गाणं २०१५ चं, रणवीरचा तो पिक्चर ‘गली बॉय’ फेब्रुवारी २०१९ चा. पिक्चरच्या आधी काय झालं ते सांगतो.

तोवर हिंदी रॅप म्हणजे गाडी, दारू आणि पोरगी. नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच काढला. स्टुडिओला पैसे नसले तरी अडत नाही, हे आमच्याकडच्या पोरांना तिथे कळलं. मग पुढच्या वर्षी नेझी आणि डिव्हाइन एकत्र आले, बीट म्हणजे मागचं संगीत सेझ या निर्मात्याचं, आणि सोनीने गाणं काढलं. त्यात ना पिक्चर, ना हिरो. गल्लीतली पोरं गल्लीतल्याच भाषेत गल्लीबद्दल बोलतायत आणि मोठी कंपनी ते विकतेय, हे आधी कुणी पाहिलं होतं?

माझा धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत. संध्याकाळी टाकीखाली पोरांचा सायफर लागायचा, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप. एकजण तोंडाने ताल धरत बीटबॉक्स करायचा, बाकीचे मोबाईलवर लिहिलेल्या ओळी टाकायचे. रात्री दोनला येणारं पाणी, नाक्यावर थांबवून नाव विचारणारा हवालदार, दहावीत असताना वारलेला दोस्त. लिहायचं म्हटलं की पळणारी ही पोरं यमक जुळेना म्हणून भांडायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पिक्चर यायच्या कितीतरी आधी.

स्पष्टवक्ता

तुमच्या टाकीखाली काय चाललं होतं ते महाराष्ट्राला कसं कळणार? आमच्या सोसायटीत २०१५ ला हे गाणं एकाने ऐकलं असेल तर शपथ. २०१९ नंतर मात्र गणपतीच्या मंडपातही वाजलं. पिक्चरला तेरा फिल्मफेअर मिळाले, भारताकडून ऑस्करला पाठवला, मग लोकांना डिव्हाइन कळला. याला पिक्चरमुळे चालणं नाही तर काय म्हणतात? आणि मे महिन्यात मुंबईत हूडी घालून हातवारे करणं ही नक्कल नाही?

शाहिरीवेडा

या पोरांना कुणी सांगितलं का, की हे सगळं आपल्याकडे होतंच? अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तेव्हा अमेरिका नावाचा देशही नव्हता. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत होते, कुर्ल्याहून चालत जाता येईल. ‘माझी मैना गावावर राहिली’ ऐका आणि मग रॅपचं कौतुक सांगा. माझे वडील गावोगाव शाहिरी करायचे. मी शिक्षक आहे. स्नेहसंमेलनात पोवाडा बसवतो म्हटलं तर मुख्याध्यापक म्हणाले, “सर, जरा रॅपसारखं काही घ्या, पालकांना आवडतं.” वडिलांचा डफ खांद्यावर घेऊन गेलो होतो, तसाच परत आलो.

कुर्ला_पश्चिम

सर, वाईट वाटलं वाचून. पण ते मुख्याध्यापकांचं पाप आहे, नेझीचं नाही. आणि पोवाडा म्हणजेच रॅप, हे मला पटत नाही. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो, मागे झीलकरी जी जी करतात. रॅपर एकटा उभा राहून ‘मी’ म्हणतो, माझं नाव, माझा पत्ता, माझी लायकी. ज्याला कुणी विचारत नाही त्याने छाती काढून ‘मी’ म्हणणं, यातच तर त्याचा जोर आहे.

मीनल_डोंबिवली

मूळ दुखणं कुणी बोलतच नाहीये. मुंबईत वाढलेली पोरं, मग गाणं हिंदीतच का? माझा मुलगा मराठी शाळेत शिकला, पण रॅप लिहितो हिंदीत. का रे विचारलं तर म्हणतो, “आई, मराठीत लिहिलं की भाषणासारखं वाटतं.” या एका गाण्याने मुंबईची भाषा कोणती, ते ठरवून टाकलं आणि त्यात आपण नाही. त्याचा राग येतो मला.

अमरावतीकर

ताई, राग मुंबईवर काढा, मराठीवर नको. आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीत काय लिहितो ते मुलाला ऐकवा. नावातला ‘सौ’ तो आकड्यात लिहितो (100RBH), तसंच शोधा. तो ज्या ‘स्वदेशी’ या रॅप गटात आहे, त्यांनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. सोबत आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर. ते कुठे भाषणासारखं वाटतं? आणि २०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या परदेशी संगीत कंपनीने काढलं, तेही मराठीतच.

डीजे_पिंपरी

‘तांबडी चामडी’ हाऊस आहे, म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत; रॅपवालं हिपहॉप नाही. उगाच एका पोत्यात भरू नका.

भीमगीत_ऐका

शाहिरीवेडा सर, शाहिरी म्हटलं की तुम्हाला अफझलखान आणि संयुक्त महाराष्ट्र, मधलं-नंतरचं काहीच नाही? आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डक कुठे गेले? विलास घोगरे कुठे गेले? आमच्या वस्तीत शाहिरी कधी मेलीच नव्हती. चौदा एप्रिलला या, दाखवतो. आज तिथलीच पोरं रॅप करतात, कारण त्यांच्या घरात बोलणारं गाणं आधीपासून होतं. तुमच्या स्नेहसंमेलनात यातलं काय बसवलं होतं आजवर?

शाहिरीवेडा

माझ्यावर घसरायचं कारण नाही. वामनदादांची गाणी माझ्या वडिलांना तोंडपाठ होती. मी नाव घेतलं नाही म्हणजे मानत नाही असं कुठून काढलंत?

भीमगीत_ऐका

नाव घेत नाही म्हणूनच विसरतात लोक. दर वेळी हेच होतं.

स्पष्टवक्ता

धागा भरकटला. २०१५ ची तारीख मान्य, धारावी खोडली, खूश? पण पिक्चर नसता तर हे गाणं कुर्ल्यातच राहिलं असतं, या मतावर मी ठाम आहे.

कुर्ला_पश्चिम

मग पिक्चरने काय दिलं त्याचाही हिशेब करा. त्यातल्या ‘मेरे गली में’मध्ये आवाज रणवीर सिंग, सिद्धांत चतुर्वेदी आणि डिव्हाइनचा. गीतकारांत नेझीचं नाव आहे, पण त्याचा आवाज नाही. ज्या पोराच्या तोंडून ते शब्द पहिल्यांदा आले, त्याचाच आवाज काढून गाणं देशभर गेलं. तुमच्या मंडपात जे वाजलं ते हेच असणार. लोकांपर्यंत पोचलं हे मी नाकारत नाही. पण पिक्चरने ते उचललं, कारण ते आधीच उभं होतं. २०१५ चा व्हिडिओ लावा, नेझी सुरू होतो तिथून ऐका आणि मग नक्कल शब्द परत लिहा.

मीनल_डोंबिवली

अमरावतीकर, मुलाला ते आरेचं गाणं ऐकवलं. काही बोलला नाही, पण दोनदा लावलं. तरीही विचारते, त्याच्या वर्गातल्या एकालाही हे माहीत का नव्हतं?

अमरावतीकर

कारण त्याच्यावर अजून कुणी पिक्चर काढला नाही. स्पष्टवक्ता यांना एवढा एक मुद्दा देऊन टाका.

शाहिरीवेडा

आरेचं गाणं मीही ऐकलं. शब्द कसदार आहेत. पण भीमगीत, तुम्ही चौदा एप्रिलचं बोललात ते कुठल्या वस्तीत? मी डफ घेऊन येतो. आणि त्या पोरांना झील धरायला तयार ठेवा.