गणपतीत फाळक्यांचा मूकपट दाखवायचाय, सोबत लाईव्ह पेटी-तबला. जमेल का?

वाड्यातला_पिंट्या:
नमस्कार मंडळी. यंदा ऑर्केस्ट्रा नको असं मंडळात ठरलंय (वर्गणीही कमीच जमलीय म्हणा), तर माझ्या डोक्यात आलं की पडदा लावून राजा हरिश्चंद्र दाखवूया आणि पुढे आपलीच पोरं पेटी तबला बासरी वाजवतील. पेटीवाला तयार आहे पण तो म्हणतो मी नक्की काय वाजवू, तासभर नुसता भैरवी का? आणि पब्लिक बसेल का? कोणी केलंय का असं काही?

रीळवाला:
हरिश्चंद्र नको. १९१३ चा तो सिनेमा मुळात चार रिळांचा, त्यातलं पहिलं आणि शेवटचं एवढंच बघायला मिळतं, आणि तेसुद्धा फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास परत केलेल्या आवृत्तीचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. मधली गोष्टच गायब, लोकांना काय कळणार? त्यापेक्षा १९१९ चा कालिया मर्दन घ्या, त्याचा बराच भाग शिल्लक आहे आणि त्यात कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले तीसही धड उरले नाहीत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ती रिळं भडकन पेटतात, पुण्यात २००३ च्या आगीतही बरीच गेली. त्यामुळे जे आहे ते दाखवा, पण चांगली कॉपी मिळवून. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला रीतसर पत्र लिहा. सिनेमाचा कॉपीराइट कधीच संपलाय, तरी कॉपी ज्यांच्याकडून घ्याल त्यांना विचारूनच दाखवायची.

तबलजी_बाराचा:
पेटीवाल्याला आधी सांग की ही मैफल नाही, लोक पडदा बघायला आलेत तुझ्या ताना ऐकायला नाही. मी दोनदा साथ केलीय अशी. पहिला प्रश्न स्पीडचा. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, साधारण सेकंदाला १६ ते २० फ्रेम, आणि नेटवरच्या कित्येक कॉप्या २४ ने पळतात म्हणून सगळे तुरुतुरु चालताना दिसतात आणि पब्लिक हसतं. १००० फुटाचं रीळ १६ ने चालवलं तर पावणेसतरा मिनिटं, २४ ने अकराच मिनिटं. म्हणजे तुमची लयच बदलली ना! आधी स्पीड नक्की करा मग तालीम.

आता वाजवायचं काय. सुरुवातीला ती छोटी मंदाकिनी नुसते चेहऱ्याचे हावभाव करून दाखवते, मग तीच कृष्णाच्या वेषात दिसते. तिथे तबला नकोच, एकटी बासरी, तीही अधूनमधून. पोरीचा चेहराच इतकं बोलतो की तुम्ही वाजवलंत तर मध्ये येता. खरी मजा कृष्ण आणि कालिया नागाच्या पाण्याखालच्या झटापटीत, कारण मध्येच काठावरची रडणारी माणसं दिसतात परत पाणी परत काठ. प्रत्येक कटला ताल बदलत बसलात तर सर्कस होईल, खालून एकच ठेका धरून ठेवा, काठावर फक्त पेटीचा सूर लांबवा आणि कृष्ण फण्यावर नाचायला लागला की मग सोडा लग्गी, म्हणजे तबल्याचे जलद चटपटीत बोल. आणि ओळखीचं भजन जपून, एकदा लोक टाळ्या देऊन गायला लागले की पडद्याकडे कोण बघतंय.

कोथरूडकर_७४:
हौस चांगली आहे, पण हल्लीची पोरं रील बघणारी, दहा मिनिटांत उठतील. लिहून ठेवा.

रीळवाला:
@कोथरूडकर_७४ काका, २०१७ ला १९२८ चा शिराझ हा मूकपट सतारवादक अनुष्का शंकरच्या लाईव्ह संगीतासकट आपल्याकडे आला होता, लोक तिकीट काढून गेले. मंडपात फुकट आहे, शिवाय नंतर प्रसाद. बसतील.

वाड्यातला_पिंट्या:
भारी! कालिया मर्दन फायनल. मध्येमध्ये पडद्यावर मजकुराच्या पाट्या येतात त्यांचं काय करू, लहान पोरांना आणि आज्यांना वाचता येणार नाहीत.

तबलजी_बाराचा:
खणखणीत आवाजाचा एक माणूस माईकवर बसवा, पाटी आली की मराठीत सांगेल, एवढंच. निवेदन ठोकायला लागला तर माईक बंद. तो बोलताना तुम्ही हळू. वादकांना पडद्याच्या बाजूला तिरकं बसवा म्हणजे मान न मोडता दिसेल, आणि मंडपाची लायटिंग त्या वेळापुरती बंद ठेवायला सांगा, ते झगमग चालू राहिलं तर पडद्यावर काही दिसणार नाही. त्यावरून मंडळात भांडण होणार, ते आत्ताच उरकून घ्या.