विषय: रविवारचा लेझीम सराव – ढोल नाही, मग ताल कशावर?

प्रेषक: माई (लेझीम, लहान गट)

मंडळी, नमस्कार.
रविवारी सभागृहात ढोल वाजणार नाही, हे आता पक्कं. रविवारी इथे जर्मनीत दिवसभर शांतता पाळायची असते आणि वरच्या मजल्यावर गेल्या वेळेस काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सुरुवातीला रिकाम्या हातांनी, नंतर लेझीम. ताल ‘ये रे ये रे पावसा’वर. नवीन मुलांना ते येत नाही, पालकांनी शनिवारपर्यंत पाठ करून घ्यावं.

प्रेषक: अण्णा (ढोल पथक)

माई, लेझीम ढोलावर नाहीतर हलगीवरच उचलली जाते. आमच्या शाळेत सर शिट्टी फुंकून एक-दोन-तीन-चार घ्यायचे, अख्खं मैदान एका वेळी वाकायचं. बडबडगीतं बालवाडीत ठीक. रेकॉर्डिंग पाठवतो, स्पीकरवर हळू लावा. तालाचं काम पथकाकडेच राहू दे.

प्रेषक: माई

अण्णा, रेकॉर्डिंग मुलांसाठी थांबत नाही. आणि नुसते आकडे मोजले की मुलांना थांबायची जागा कळतच नाही. ‘ये रे, ये रे, पाव, सा’ म्हणजे चार पावलं, प्रत्येकात दोन जागा, अक्षरं सात. आठवी जागा रिकामी. सगळा घोळ तिथेच होतो. ‘सा’ म्हटल्याबरोबर पोरं पुढचं पाऊल टाकतात आणि रांग विस्कटते. मी त्या रिकाम्या जागेत टाळी देते. नंतर टाळीच्या जागी लेझीमचा झटका. तोंडात शब्द असले की ती जागा मुलांना आपोआप सापडते. मागच्या दिवाळीला लहान गट कसा नाचला ते तुम्ही स्वतः पाहिलंय.

प्रेषक: वहिनी (शनिवारची मराठी शाळा)

पाठांतराची सक्ती नको, प्लीज. किंडरगार्टनमधून आलेल्या मुलांच्या तोंडात आधीच ‘आल्ले माइने एन्टशेन’ हे जर्मन बडबडगीत असतं. ते म्हणून बघा: आल्ले, माइने, एन्ट, शेन. शेवटची दोन्ही अक्षरं लांबतात. आता ‘तुला, देतो, पै, सा’ म्हणा. हुबेहूब तेच! आणि ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ची सुद्धा सात अक्षरं नि आठवी जागा रिकामी, म्हणजे तुमचा ‘पावसा’. पहिल्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या गाण्यावर पाय बसू द्या, मराठी शब्द दुसऱ्या फेरीत घाला.

प्रेषक: नाना

वहिनी, मराठी मंडळाच्या सरावात ट्विंकल? मुलं आठवडाभर तेच ऐकतात. ‘अडगुलं मडगुलं’ घ्या, ‘अटक मटक’ घ्या. आमची आजी पोरांना मांडीवर घेऊन, गुडघा हलवत म्हणायची, ठेका तिथूनच अंगात यायचा. मंडळात नाही ऐकलं तर ही गाणी मुलं ऐकणार कुठे?

प्रेषक: ताई (कथक वर्ग)

माईंची पद्धत योग्य आहे. कथकमध्येही आधी पढंत, बोल तोंडाने म्हणायचे, मग पाय. पण एक अडचण आत्ताच सांगते. तत्कारात, म्हणजे पायांच्या मूळ बोलांत, ‘ता थेई थेई तत्’ उजव्या पायाने सुरू होतं आणि ‘आ थेई थेई तत्’ डाव्या पायाने. माझ्या वर्गातली मुलं ‘तुला देतो’ला डावा पाय उचलणार. त्यामुळे प्रत्येक ओळ उजव्याने, हे स्पष्ट सांगा. आणि मूळ पदन्यास शिकवायचाच असेल तर मुलं वर्गात पाठवा, लेझीमच्या अर्ध्या तासात ते होत नाही.

प्रेषक: एक पालक

आमची मुलगी सारखं ‘हिकरी डिकरी डॉक’ म्हणते, ते घेतलं तर?

प्रेषक: माई

ते नको. ते तिनाच्या चालीत आहे, आपल्या दादरा तालासारखं. पावलं टाकून बघा: पहिला जोर उजव्या पायावर येतो, पुढचा डाव्यावर, मग परत उजव्यावर. मोठ्यांना जमेल, पाच वर्षांच्या मुलाचा लगेच गोंधळ होतो. लेझीमला चाराचीच चाल हवी.

प्रेषक: दादा (सभागृह)

‘बालवाडीत ठीक’ हे मला पटलं नाही, अण्णा. आपण म्युनिकमध्ये बसलोय. 1924 साली संगीतकार कार्ल ओर्फ आणि डोरोथे ग्युंटर यांनी इथेच ग्युंटरशूल ही शाळा काढली, संगीत आणि नाच एकत्र शिकवायला. पुढे ओर्फने मुलांसाठी काढलेल्या पद्धतीत बडबडगीतं बोलून, टाळी, मांडीवर थाप, चुटकी आणि पाय आपटून ताल घेतात. माझ्या मुलाच्या शाळेत तेच चालतं. मांडीवर थाप घेतली तर वरच्या मजल्याचाही प्रश्न मिटतो. पाय आपटणं मात्र नको, जमीन लाकडी आहे.

प्रेषक: अण्णा (ढोल पथक)

थाप चालेल. पण झटका मनगटातून यायला हवा, थापेने मनगट वळत नाही. रिकाम्या हातांपेक्षा लाटणं द्या हातात. मी येतो आणि दाखवतो.

प्रेषक: माई

अण्णा, जरूर या. आता ठरलं ते असं: आधी सगळे बसून थाप, ‘एन्टशेन’ आणि ‘पावसा’ एकापाठोपाठ. मग उभं राहून पावलं, प्रत्येक ओळ उजव्याने. मग अण्णांची लाटणी. लेझीम सगळ्यात शेवटी, तीही मोठ्या मुलांच्याच हातात. नाना, ‘अडगुलं’ तुम्ही घ्या, मुलं गोल बसलेली असताना. मुलांना मोजे घालून पाठवा, बूट बाहेर.

प्रेषक: नाना

घेतो. लाटणी किती लागतील? आमच्याकडे एकच आहे.