सल्ला हवा: हरिकेन्सनी गोल करणारा फॉरवर्ड कुठून आणावा?

मॉरिसव्हिलकर, १४ जून २०२५

नमस्कार मंडळी. इथे आइस हॉकी बघणारे बरेच जण आहेत, म्हणून थेट विचारतो. एनएचएल लीगमधल्या आपल्या कॅरोलायना हरिकेन्सनी या उन्हाळ्यात गोल करणारा फॉरवर्ड कुणाकडून आणि काय देऊन आणावा?

मे महिन्यात ईस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीत, आपण फ्लोरिडा पँथर्सकडून ४-१ असे हरलो. पाच सामन्यांत आपले गोल दहा, त्यातले पहिल्या तीन सामन्यांत मिळून फक्त चार. दुसऱ्या सामन्याला मी मुलीला घेऊन आपल्या घरच्या मैदानावर, लेनोव्हो सेंटरला गेलो होतो. सायरन घुमला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, आणि पहिला पिरियड संपला तेव्हा स्कोअरबोर्डवर ०-३. सामना ०-५ ने गेला. परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. २०२३ मध्येही याच फ्लोरिडाने आपल्याला ४-० ने घालवलं होतं, तेही चारही वेळा एकेका गोलाच्या फरकाने.

आपले कोच रॉड ब्रिंडामोर यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकाने आपला माणूस धरायचा, पक (खेळाची रबरी चकती) हिसकावायचा आणि मिळेल तिथून गोलवर मारायचा. रेग्युलर सीझनमध्ये हे छान चालतं. प्लेऑफमध्ये मात्र लांबून आलेला पक फ्लोरिडाच्या बोब्रोव्स्कीसारख्या गोलीला (गोलरक्षकाला) दिसतो, आणि दिसला की तो अडवतो. मुलगी शिकते त्याच मॉरिसव्हिलच्या रिंकवर हरिकेन्सचा सराव चालतो. तिच्या कोच मुलांना रोज एकच गोष्ट सांगतात: पास आला की पक थांबवायचा नाही, आला तसाच मारायचा. मुलं आधी पक काठीवर बसवतात, मान वर करून बघतात, आणि तोवर गोली या खांबाकडून त्या खांबाकडे पोचलेला असतो. आपल्या संघाला तेवढ्या अर्ध्या सेकंदाचा माणूस हवा आहे.

या सीझनमध्ये जार्व्हिसचे ३२ गोल, आहोचे २९, स्वेच्निकोव्हचे २०. रोझलोविकने २२ केले, पण त्याचा करार संपतोय. नेचस तर जानेवारीतच गेला.

भीती एकच आहे, आपण दोनदा पोळलोय. मार्च २०२४ मध्ये पिट्सबर्गकडून जेक गेंट्झेल आणला. त्यासाठी बंटिंग, कोइवुनेन, पोनोमारेव्ह असे खेळाडू आणि पिक (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) मोजले, आणि उन्हाळ्यात तो सात वर्षांच्या करारावर टॅम्पाला गेला. या जानेवारीत रांटानेन आणला. तो १३ सामने खेळला, दोन गोल केले, आपल्याशी करार करायला तयार झाला नाही, म्हणून ७ मार्चला डॅलसला द्यावा लागला. मला तिसऱ्यांदा भाड्याचा, म्हणजे करार संपत आलेला खेळाडू नकोय.

बोरिवली_ते_कॅरी

दादा, अगदी मनातलं लिहिलंत. पण रांटानेनच्या बाबतीत हिशेब पूर्ण मांडा. डॅलसकडून तरुण फॉरवर्ड स्टॅन्कोव्हेन आला, शिवाय त्यांचे २०२६ आणि २०२८ चे पहिल्या फेरीचे पिक आणि तिसऱ्या फेरीचे दोन. फ्लोरिडाविरुद्धचा चौथा सामना आपण ३-० ने जिंकला, त्यात स्टॅन्कोव्हेनचाही गोल होता. आपले जनरल मॅनेजर एरिक टल्स्की यांनी हातातून निसटणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात चांगलं भांडवल उभं केलं. प्रश्न ते खर्च कुठे करायचं हा आहे.

माझं मत: जेसन रॉबर्टसन. होय, डॅलसचाच. २०२२-२३ मध्ये ४६ गोल, यंदा ३५. करार वर्षाला ७७.५ लाख डॉलरचा आणि अजून एक वर्ष शिल्लक. डॅलसने रांटानेनला आठ वर्षांसाठी ९ कोटी ६० लाख दिलेत, त्यांना कुठेतरी हात आखडता घ्यावा लागेल. त्यांचेच पिक त्यांना परत द्या.

मॉरिसव्हिलकर

रॉबर्टसन मलाही आवडतो. पण त्याला मिळवायचं तर ते पिकांवर थांबणार नाहीत, आपला जॅक्सन ब्लेक मागतील. पहिल्याच वर्षी १७ गोल करणारा मुलगा द्यायचा?

बोरिवली_ते_कॅरी

ब्लेक नाही. ब्लेक मागितला तर फोन ठेवायचा.

पिट्सबर्गची_ताई

मी पेंग्विन्सची, तरी लिहिते, कारण आमच्याकडे दोन माणसं आहेत आणि आमचा संघ नव्याने बांधायला घेतलाय. रिकार्ड रॅकेलने यंदा ३५ गोल केले, ब्रायन रस्टने ३१. दोघांचेही करार २०२७-२८ पर्यंत आहेत आणि रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आसपास. म्हणजे तुमची मुख्य अट पूर्ण होते, कुणी उन्हाळ्यात उठून जाणार नाही.

दोघांत निवडायचा तर मी रस्ट सांगेन. २०१६ च्या कॉन्फरन्स फायनलचा टॅम्पाविरुद्धचा सातवा सामना आठवा. आम्ही २-१ ने जिंकलो आणि दोन्ही गोल त्याचे होते. तो गोलीच्या तोंडासमोर जातो, मार खातो आणि तिथेच उभा राहतो. ब्रिंडामोरना असाच माणूस लागतो. वय ३३ आहे, हे मात्र लक्षात ठेवा. रॅकेल एक वर्षाने लहान.

आमच्याकडून एकदा गेंट्झेल नेलात, तेव्हा मी खरंच रडले होते. रस्ट नेलात तर त्याला नीट सांभाळा.

मॉरिसव्हिलकर

ताई, मनापासून आभार. सातव्या सामन्याचं विसरलो होतो. वयाचं म्हणाल तर आपल्याकडे २००६ चा दाखला आहे. तेव्हा आपण सेंट लुइसकडून डग वेट आणि पिट्सबर्गकडून मार्क रेकी आणला, दोघेही पस्तिशी गाठलेले, आणि जूनमध्ये एडमंटनला सातव्या सामन्यात हरवून स्टॅनली कप घेतला. तेव्हा खेळाडू असलेले ब्रिंडामोरच कर्णधार होते. पण तेव्हा संघात एरिक स्टाल ऐन भरात होता. अनुभवी माणूस वरून घालायचा असतो, पायाभरणीत नाही.

मिनियापोलिसकर

सगळे ट्रेडबद्दल बोलताय, पण फ्री एजंटचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूचा रस्ता स्वस्त आहे. पगार सोडून काहीच द्यावं लागत नाही. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) यंदाच्या ८ कोटी ८० लाखांवरून पुढच्या सीझनला ९ कोटी ५५ लाख होतेय आणि त्यानंतर १० कोटी ४० लाख. आजचा ८५ लाखांचा करार तीन वर्षांनी मध्यम वाटेल. पिक हातात राहतात, ती डिसेंबरात किंवा ट्रेडच्या डेडलाइनला कामी येतात.

नाव सांगतो: निकोलाय एलर्स, विनिपेग. ६९ सामन्यांत २४ गोल, ६३ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). पायात प्रचंड वेग. पक घेऊन एकट्याने ब्लू लाइन (समोरच्या संघाच्या भागाची हद्द) ओलांडतो आणि आत शिरल्यावर थांबत नाही. तुमचा संघ पक पुढे फेकून मागे धावतो, त्यात असा एक माणूस आला की समोरच्या डिफेन्सला दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. विनिपेगमध्ये त्याला पहिल्या फळीतल्या खेळाडूइतका वेळ बर्फावर मिळायचा नाही.

सान_होजेचा_सोहम

टोरंटोचा मार्नर का नाही? १०२ गुण!

मिनियापोलिसकर

सोहम, १०२ गुणांत गोल २७. तो अप्रतिम खेळाडू आहे, पण त्याचं खरं काम पास देणं. धाग्याची गरज पास घेणारा ही आहे. आणि रक्कम कोटीच्या बरीच वर जाईल.

बोरिवली_ते_कॅरी

एक व्यवहाराचा मुद्दा. २०२५ च्या नियमांनुसार स्वतःच्या संघाला खेळाडूशी आठ वर्षांचा करार करता येतो, बाहेरच्या संघाला सातचाच. शिवाय फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडामध्ये राज्याचा आयकर नाही, आपल्याकडे २०२५ मध्ये ४.२५ टक्के आहे. इतका फरक असताना खेळाडूला इथे यायला काय पटवेल? जिंकायची शक्यता आणि पहिल्या फळीत आहोसोबत जागा. एलर्सला दोन्ही देता येईल. माझं मत बदललं, आधी एलर्स, मग रॉबर्टसनकडे बघा.

पिट्सबर्गची_ताई

बफेलोच्या जेजे पेटेर्काचं नाव कुणी कसं घेतलं नाही? वय २३, यंदा २७ गोल, ६८ गुण. महाग पडेल, पण दहा वर्षं टिकेल.

मॉरिसव्हिलकर, २७ जून २०२५

ताई, पेटेर्का युटाला गेला. बफेलोने केसेलरिंग आणि जॉश डोन घेतले. त्या भावात आपल्याकडून निदान एक तरुण डिफेन्समन गेला असता. मी दोन दिवस हळहळलो.

मॉरिसव्हिलकर, ४ जुलै २०२५

मंडळी, काल बातमी आली. एलर्स आपला झाला! सहा वर्षं, ५ कोटी १० लाख, म्हणजे वर्षाला ८५ लाखच. मिनियापोलिसकर, तुमचा आकडा तंतोतंत निघाला. त्याआधी १ तारखेला रेंजर्सकडून डिफेन्समन के'आंद्रे मिलर आणला, त्यात स्कॉट मॉरो आणि २०२६ चे पहिल्या-दुसऱ्या फेरीचे पिक गेले. तरी ब्लेक, स्टॅन्कोव्हेन आणि तरुण डिफेन्समन निकिशिन, तिघेही जागेवर आहेत.

आता प्रश्न दुसऱ्या फळीच्या सेंटरचा, म्हणजे मधल्या फॉरवर्डचा. कोटकानिएमीचे यंदा १२ गोल आणि करार २०३० पर्यंतचा. स्टॅन्कोव्हेनला मध्ये खेळवावं का? उंचीने लहान आहे, फेसऑफला (खेळ सुरू करताना दोघांत पकसाठी होणाऱ्या झुंजीत) किती टिकेल ही शंका आहे. ज्यांनी त्याला डॅलसमध्ये नीट पाहिलंय त्यांनी जरूर लिहा. मुलीचं मत आहे की खेळवावं. तिने काल रिंकवर पहिल्यांदा पास न थांबवता गोल केला, त्यामुळे सध्या घरात तिचंच ऐकावं लागतंय.

पिट्सबर्गची_ताई

तिला शाब्बास सांगा. आणि हो, स्टॅन्कोव्हेन मध्येच. उंची बघू नका, पक सुटला की तो सगळ्यांच्या आधी कसा पोचतो ते बघा.