सल्ला हवा: स्वस्त कॉम्प्युटरच्या शर्यतीवर विनोदी एकांकिका

तिसरी_घंटा:
नमस्कार मंडळी. ऑफिसच्या स्नेहसंमेलनासाठी पाऊण तासाची एकांकिका लिहितोय. केंब्रिजचे कॉम्प्युटरवाले क्लाइव्ह सिंक्लेअर विरुद्ध त्यांचेच जुने सहकारी, एकॉर्न या प्रतिस्पर्धी कंपनीचे ख्रिस करी. पात्रं सहा, बजेट नावालाच. शेवट १९८४ च्या पबमधल्या भांडणावर करावा म्हणतो. आणखी कोणते प्रसंग घेऊ?

खोडरबर_४८के:
पबवर शेवट नको. जाहिरातीवरून चिडून सिंक्लेअरांनी करींना वर्तमानपत्राच्या गुंडाळीने बडवलं, एवढंच. हशा मिळेल, पण अर्ध्या मिनिटाचा.
खरं नाटक १९८१ च्या त्या आठवड्यात आहे. बीबीसीला स्वतःच्या नावाचा कॉम्प्युटर हवा होता. त्यांची माणसं शुक्रवारी एकॉर्नचं मशीन बघायला येणार आणि मशीन कागदावर! एकॉर्नच्या हर्मन हाउझरनी मशीन बनवणाऱ्या दोघांपैकी स्टीव्ह फर्बरना सांगितलं, सोफी विल्सन होईल म्हणतेय. आणि सोफीला सांगितलं, स्टीव्ह होईल म्हणतोय. ही मध्यस्थाची युक्ती आपल्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागणार नाही :)
रात्री जागून सगळं जोडलं, तरी शुक्रवारी सकाळी ढिम्म. हाउझर म्हणाले, ती डेव्हलपमेंट सिस्टिमला, म्हणजे चाचणीच्या दुसऱ्या मशीनला जोडलेली केबल काढून बघा. काढली, आणि चाललं की!

तिसरी_घंटा:
वा! पण मग सिंक्लेअर बाजूला पडतात ना?

अर्धा_चहा:
का पडतील? त्यांचा स्वस्त कॉम्प्युटर झेडएक्स८१ आणा. तयार मशीन ६९.९५ पौंडांना, स्वतः जोडायचं किट ४९.९५. मेमरी १ केबी, म्हणजे माझी ही पोस्टसुद्धा मावणार नाही. जास्तीच्या मेमरीचा डबा, १६ केबीचा रॅम पॅक, मागे खोचायचा; तो जरा हलला की तासभर टाइप केलेलं सगळं गुल. लोक तो ब्लू-टॅकने चिकटवायचे.
एक इंग्रज कुटुंब दाखवा. वडील टाइप करतायत, घर श्वास रोखून उभं. आई टेबलावर चहाचा कप ठेवते, अगदी हळू. ब्लॅकआउट. प्रॉपर्टी काय, तर स्क्रीन म्हणून जुना टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला कॅसेट प्लेअर.

घुबडछाप:
+१. आमच्या शाळेत क्लास या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून बीबीसी मायक्रो, म्हणजे एकॉर्नचं तेच मशीन, आला होता, कव्हरवर ठिपक्यांचं घुबड. चपला बाहेर काढून आत जायचो. बटण दाबलं की 'बूऽऽ-बीप'. केबल काढल्यावर तोच आवाज वाजवा, दुसरं संगीत नको.

तिसरी_घंटा:
ठरलं. पब पहिल्या प्रवेशात, केबल शेवटी. आता सिंक्लेअरांसाठी टक्कल आणि लाल दाढीवाला नट हवाय. अकाउंट्समधले एकजण आहेत, पण ते दाढी रंगवायला तयार नाहीत.

अर्धा_चहा:
मेंदी म्हणून बघा.