‘लीन’ मिश्रणाला मराठीत काय म्हणावं?

सातारा: भाची विमान चालवायला शिकतेय. तिच्यासाठी पिस्टन इंजिनावर मराठीत टिपणं काढतोय. ‘लीन मिक्स्चर’ला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाला, ‘विरळ मिश्रण’ लिहिलं, पण खटकतंय. ‘लीन’ तसंच ठेवलं तर विठ्ठलाच्या चरणी लीन झालेला वारकरी डोळ्यांपुढे येतो. ‘पातळ’ चालेल का?

कराड: दादा, ‘पातळ’ नकोच. आमटीत पाणी वाढलं की ती पातळ होते. इथे ओतायची वस्तू पेट्रोल, म्हणजे पेट्रोल वाढलं असाच अर्थ लागेल. तुम्हाला नेमकं उलटं सांगायचंय.

‘विरळ’ तर त्याहून वाईट, कारण विरळ होते ती हवा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर; तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मात्र त्या मानाने घटत नाही. म्हणून तर घाट चढताना जुन्या मोटरसायकलींचा पिकअप मरायचा. विमानातही तेच: हवा विरळ झाली की मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, आणि प्लगला काजळी धरते. ‘विरळ हवा, विरळ मिश्रण’ असं मुलीच्या डोक्यात बसलं, तर पेट्रोल कमी करायला मिश्रणाचा लाल नॉब बाहेर ओढायच्या जागी ती आत ढकलेल!

मी ‘ओलं’ आणि ‘कोरडं’ म्हणेन. गॅरेजमध्ये ‘प्लग ओला झालाय’ म्हणतातच.

सांगली: ‘ओलं’ समजतं, ‘कोरडं’ नाही पटत. ऑइल संपलेल्या इंजिनाला आम्ही कोरडं म्हणतो.

शिवाय ही कमी-जास्तीची गोष्ट आहे. वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १५ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. सगळ्यात जास्त ताकद मिळते हवा साडेबारा भागांच्या आसपास असताना. कमी उंचीवरून टेकऑफ करताना जादा पेट्रोल सिलिंडर थंड ठेवायलाही लागतं. तेव्हाच ते कमी केलं तर इंजिन तापतं, नॉकिंग होतं, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकून ठोके पडतात. म्हणून ‘रिच’, ‘लीन’ तसेच ठेवा. विमानात तिच्या कानावर तेच पडणार. क्रियापद मात्र मराठी घ्या: ‘पेट्रोल कमी करणे’. आणि नॉब पूर्ण बाहेर ओढला की पेट्रोलच तुटतं, त्याला लीन म्हणू नका, सरळ ‘इंजिन बंद’ लिहा.

सातारा: ‘विरळ’ हवेपुरताच ठेवला. वाक्य असं केलंय: ‘वर जाताना हवा विरळ होत जाते, मिश्रण रिच होऊ नये म्हणून नॉब हळूहळू ओढून पेट्रोल कमी करत जा.’