ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरतो तेव्हा : घरी केलेल्या दुरुस्तीचे अनुभव

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा (इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा २००० वरून ३५०० वर उडी घेतो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने रेंगाळते, ही लक्षणे ज्यांनी अनुभवली आहेत आणि ज्यांनी स्वतः हात काळे करून त्यावर काही उपाय केला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे. फसलेले प्रयत्न अवश्य लिहावेत, कारण यशाच्या गोष्टी सगळेच सांगतात. सुरुवात माझ्यापासून करतो.

माझ्या गाडीत दोष तेलाच्या पातळीचा होता. गिअरबॉक्समधील क्लच प्लेट तेलाच्या दाबानेच एकमेकींवर आवळल्या जातात. तेल कमी झाले की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, प्लेट घसरतात, घसरण्याने तापतात आणि उरलेले तेलही करपवतात. मी गाडी गरम करून सपाट जागी उभी केली, इंजिन चालू ठेवून आणि ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीतून सावकाश फिरवला, पार्कमध्ये आणला आणि मग डिपस्टिक काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते, परंतु रंगाने लाल होते आणि त्याला जळका वास नव्हता, हे माझे नशीब. लांब नळीच्या नरसाळ्याने थोडे थोडे तेल घालत, दर वेळी पातळी पाहत मी खूण गाठली. जास्त भरले तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसामुळे पुन्हा तेच घसरणे सुरू होते. मात्र तेल ओतणे ही दुरुस्ती नव्हे. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तेव्हा सकाळी तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या जोडाखाली लाल डाग दिसला. नळी आणि क्लिप बदलल्यानंतर आजपर्यंत तक्रार नाही.

* * *

आपले तेल लाल होते म्हणून आपण सुटलात. माझे काळपट तपकिरी होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता, तरीही तेल बदलून पाहू, असा मोह मला आवरला नाही. जॅकवर उचललेली गाडी पक्क्या स्टँडवर टेकवून आणि चाकांना अडसराचे ठोकळे लावून मी गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उतरवला. त्यातल्या चुंबकावर राखाडी रंगाचा मऊ लेप होता, जो नेहमीच्या झिजेचा असतो आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु पॅनच्या तळाशी काळी, खरखरीत भुकटी साचली होती आणि ती क्लच प्लेटच्या अस्तराची होती. तेथेच थांबायला हवे होते. मी फिल्टर आणि गॅस्केट बदलले, नवे तेल भरले (पॅन काढून जेमतेम अर्धे तेल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, राहते, हे मला नंतर समजले) आणि काही आठवडे गाडी बरी चालल्यासारखी वाटली. पुढे तिसऱ्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये ती पूर्ण सुटू लागली. माझ्या गिअरबॉक्समध्ये या दोन्हींसाठी एकच क्लच वापरलेला आहे, त्यामुळे तो गेला की दोन्ही जातात. नव्या तेलाने गिअरबॉक्स मारला, असे अनेकांनी मला ऐकवले. मला ते पटत नाही. गिअरबॉक्स उघडला तेव्हा प्लेटवर अस्तर जवळजवळ उरलेच नव्हते, आणि झिजलेले अस्तर कोणतेही तेल परत आणू शकत नाही.

* * *

ज्यांच्या गाडीत डिपस्टिकच नाही, त्यांच्यासाठी लिहिते. अशा गिअरबॉक्सला पातळी तपासण्याचा बोल्ट असतो आणि तो तेलाचे तापमान ठरावीक मर्यादेत असतानाच, बहुधा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून उघडायचा असतो. तेलाची बारीक धार ओघळून थेंबांवर आली की पातळी बरोबर. गाडी चारही कोपऱ्यांवर समतल असावी लागते. मी प्रथम फक्त पुढची बाजू उचलली होती, त्यामुळे पातळी चुकली आणि सारे काम पुन्हा करावे लागले. तेल काढण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सुटतो ना, हे आधी पाहावे. तो गंजून अडकलेला असेल आणि खालचा आपण उघडून बसलो असू, तर गाडी जागेवरून हलत नाही. तेलाच्या जातीबाबतही तडजोड करू नये. सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुली असतात, त्याचे तेल वेगळे असते, आणि साधे ऑटोमॅटिकचे तेल त्यात घातल्यास पट्टाच घसरू शकतो.

* * *

माझी गाडी जुनी आहे. तिच्यात संगणक नाही, केबल आहे. ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे ती केबल गिअरबॉक्सला कळवते आणि त्यानुसार तेलाचा दाब वाढतो. केबल सैल झाली होती, म्हणून दाब कमी आणि गिअर घसरत होता. पुस्तकात दिल्याप्रमाणे ताण लावला, काम संपले. तशीच चालवत राहिलो असतो तर क्लच जळाले असते.

* * *

माझ्याकडे गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७३० हा कोड आला, म्हणजे अपेक्षित गिअर गुणोत्तर आणि प्रत्यक्षातले जुळत नव्हते. हा कोड दोष कोठे आहे ते सांगत नाही, फक्त घसरण्याची साक्ष देतो, असे माझे मत आहे. मी मल्टिमीटरने सोलेनॉइडचा, म्हणजे तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या विजेवरच्या झडपांचा, रोध मोजला. एक वगळता सर्वांचे आकडे जवळपास सारखे आले आणि त्या एकाचे सर्किट तुटलेले निघाले. माझ्या गिअरबॉक्समध्ये हे सोलेनॉइड ज्यावर बसतात ती व्हॉल्व्ह बॉडी पॅन काढताच हाताशी येते, म्हणून ते घरी बदलता आले. परत बसवताना पॅनचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आणि फार हलक्या हाताने आवळावे लागतात. मी एक अधिक आवळला, गॅस्केट दबून बाहेर आले आणि दोन दिवस गळती पुसत बसलो.

* * *

एक सावधगिरीची सूचना : माझ्या गाडीचे गचके मी तीन महिने गिअर घसरणे समजत होतो, आणि दोष स्पार्क प्लगचा निघाला. घसरताना आरपीएम चढतो. इंजिन चुकत असेल तर गाडी थरथरते आणि आरपीएम अडखळतो.

* * *

माझा अनुभव वाईट आहे. डिपस्टिकवरचे तेल गुलाबी आणि दुधाळ दिसले. रेडिएटरच्या आतला तेलाचा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरले होते, आणि पाणी लागले की प्लेटवरचे अस्तर धरून ठेवणारा गोंदच सुटू लागतो. रेडिएटर बदलला, तेल तीन वेळा काढून भरले, रंग स्वच्छ झाला, तरी घसरणे थांबले नाही आणि अखेर पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागला. त्याआधी चार दिवस कूलंटच्या टाकीत गुलाबी, तेलकट साय तरंगत होती. मी ती रोज पाहिली आणि रोज झाकण लावून टाकले.