जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला हीटर: थंडीसाठी नाही, काचेसाठी
'ठाण्यात हीटर कशाला, वेड लागलंय का?' असं मला कुणीतरी विचारलंय. जुलैत घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर काच आतून धुरकट झाली की कळतं कशाला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात फडका! म्हणूनच मी माझ्या पद्मिनीला हीटर बसवून घेतला. गरम हवा जास्त ओलावा धरते, काच पटकन निवळते. फक्त हवा बाहेरची घ्या. आतलीच फिरवली तर आपल्याच श्वासाचा दमटपणा गाडीत राहतो.

सिलिंडर हेडकडून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, गरम पाणी हीटरला द्यायचं आणि परतीचा पाइप वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जोडायचा. येणाऱ्या पाइपवर कॉक, म्हणजे गरम पाणी बंद करायची तोटी, हवाच. माझ्या मेकॅनिकने तो गाळला होता. मे महिन्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला पाय अक्षरशः शेकून निघाले. हीटरची हवा फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, ६० वॅटचा असेल तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर खेचतो. वीज पुरवायला जुना डायनॅमो असेल तर आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) हेडलाइट मंदावतात. ब्लोअरला स्वतंत्र फ्यूज द्या, जुन्या वायरिंगवर भार नको.

जुन्या फोक्सवॅगन बीटलवाल्यांनी मात्र यातलं काही करू नये, तिथे इंजिन हवेनेच थंड होतं, त्यात पाणीच नसतं.